आतली कडी

"जरा मोठ्यानं बोला हो बाई, काही ऐकू येत नाहीये!" मावशी फोनवर खेकसल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर खेकसायचं नसतं. पण सकाळपासून निम्मे फोन टवाळखोरांचे आले होते आणि त्यांचं डोकं उठलं होतं. ऑफिसात त्यांना सगळे मावशीच म्हणत. फोन करणाऱ्यांनाही त्या तेच नाव सांगत.

पलीकडची बाई कुजबुजली, "एका पोरीला फार मारतात. तिची आईच मारते."

"तुम्ही कोण?"

"शेजारीण समजा."

मावशी सावरून बसल्या. त्यांनी पत्ता घेतला, पलीकडच्या टेबलाला खूण करून गाडी पाठवायला सांगितली आणि मग हळूहळू एकेक विचारत गेल्या. पोरगी पहिलीत. बाप केव्हाच सोडून गेलेला. आई दिवसभर राबते, घरी येते आणि हाताला लागेल त्यानं मारते. मागे एकदा चमचा तापवला होता. आज काय, तर दूध सांडलं.

"दूध सांडलं म्हणून?" मावशींनी हातातलं पेन आपटलं. "आत्ता कुठंय पोरगी?"

"न्हाणीघरात. आतून कडी लावून बसलीय."

"शहाणी गं बाई माझी! आणि ती महामाया?"

"घरातच आहे."

"तुमच्या अंगावर तर येणार नाही ना?"

"माझ्या नाही येणार." बाई म्हणाली. "फोन तेवढा ठेवू नका हं, मावशी."

मावशींना नवल वाटलं. एरवी हे वाक्य त्यांच्या तोंडी असायचं. शेजारणी तर नाव-पत्ता सांगून कधी एकदा सुटतोय अशा घाईत असत. ही मात्र चिकटून बसली होती. असेल बिचारी हळवी, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

"तिचं काय करता तुम्ही लोक?" बाईनं विचारलं. "आईचं?"

"आमच्या ताई भेटतात तिला. हात कसा आवरायचा ते शिकवतात, दवाखान्यात नेतात. पोरगी तोवर आमच्याकडे राहते. बरीच घरं सावरतातही." एवढं सांगून मावशींनी थांबायला हवं होतं. फोनवर कुणाला नावं ठेवायची नाहीत, हा तिथला पहिला नियम. नव्या मुलींना तो त्याच शिकवत. पण आज त्यांना राहवलं नाही. "खरं सांगू? असल्या बायकांना उलटं टांगायला हवं. आई कसली, वैरीण ती! जन्माला तरी कशाला घालतात?"

"हॅलो? आहात ना?" मावशींनी विचारलं.

"खरंय तुमचं," बाई म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून गाडी पोचल्याची खूण आली. मावशींनी हुश्श केलं. एक पोर तरी आज वाचली.

"हे बघा, आमच्या ताई जिना चढतायत," त्या म्हणाल्या. "पण पोरगी भेदरलेली असणार. परक्या माणसाला दार उघडायची नाही. तुमचा आवाज तिच्या ओळखीचा आहे. तुम्हीच जा दाराशी आणि जरा मायेनं हाक मारा. बाळा, कडी काढ म्हणावं."



"मी शेजारीण नाही, मावशी. मीच तिची आई," ती म्हणाली. "मी कितीही गोड बोलले तरी कडी काढायची नाही, असं सांगून मीच तिला आत पाठवलंय."