गाळलेला जिन्नस

जाऊबाईंच्या कॉफी-क्रीमच्या पुडिंगचे थर सुरीने कापले तरी ताठ उभे राहायचे. त्यांनीच लिहून दिलेल्या मापाने केलेलं माझं पुडिंग मात्र तिन्ही वेळा चमच्यावरून ओघळलं. एक जिन्नस त्यांनी मुद्दाम गाळलाय, अशी माझी खात्रीच पटली. म्हणून रविवारी सकाळी न कळवता त्यांच्याकडे गेले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले.

ओट्याशी थोरले दीर उभे होते. कॉफीत बुडवलेली बिस्किटं ते एकेक करून क्रीमवर मांडत होते. मला पाहताच त्यांनी एक बरणी हळूच टॉवेलखाली सरकवली.

जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या.

"तूच विचारून बघ गं. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला अजून सांगत नाहीत."