तोंडानं आणलेली माती

मँगनीजची खाण बंद पडली आणि गावाच्या उशाला काळ्या चुऱ्याचा ढीग राहिला. त्यावर गवतसुद्धा उगवेना. खाणवाले फिरकलेच नाहीत. गावच्या बायांनी कैक वर्षं पालापाचोळा नि शेण डोक्यावरून वाहून तिथं टाकलं, तेव्हा कुठं झुडपं रुजली, आणि यंदा वाळवीचं वारूळ उठलं. वारूळ म्हणजे साक्षात सातेरीदेवी. त्याच बायांतल्या रुक्मानं तिला अबोलीची वेणी वाहिली. हिरवळ दिसताच खाणीचा मॅनेजर जेसीबी घेऊन रिसॉर्ट बांधायला आला. रुक्मा वारुळापुढं ठाण मांडून बसली. “अक्का, बाजूला व्हा,” तो गोडीत म्हणाला, “देवीला खाली रस्त्यालगत संगमरवरी देऊळ बांधून देतो.” रुक्मानं वारुळावरची ओली लाल माती बोटानं कपाळाला लावली. “तुम्ही काळ्या चुऱ्याखाली गाडलेली माती हाय ही. देवीनं कण कण तोंडानं वर आणलीया. तिचं देऊळ अजून चढतंय. तूच बाजूला हो.”