उतरलेला पियानो

"पियानो उतरलाय तुमचा," उस्ताद भर क्लासात म्हणाले.

मास्तर पियानोवरून उठले. उस्तादांच्या हातातलं व्हायोलिन घेऊन त्यांनी खुंट्या फिरवल्या, चारही तारा खाली आणल्या आणि वाद्य परत दिलं. गेले काही दिवस दर वेळी हेच चाललं होतं. उस्तादांचं व्हायोलिन चढं असायचं आणि उस्तादांच्या मते बाकी सगळे खाली.

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मोठ्या मशीनवर उभं राहून केस पांढरे झाले आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी व्हायोलिन हातात धरलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी टिंगल म्हणून ते चिकटवलं होतं. त्यांना मात्र ते आवडलं. वाद्यांचं त्यांना भारी वेड. जुन्या बाजारात कोणी मोडकी पेटी विकायला काढली, की हे तिचं पोट उघडून आतल्या पट्ट्या बघत बसत. सारंगीला एवढ्या तारा कशाला, सतारीचा भोपळा आतून कसा असतो, असल्या शंका त्यांना नेमक्या जेवताना यायच्या. वाद्य नसेल तिथेही त्यांना सूर सापडे: लिफ्टमध्ये, पंख्यात, डब्याच्या झाकणात. मशीनच्या धडधडाटात कुठला रूळ कुरकुरतोय ते आपण सांगू शकतो, अशी त्यांची फुशारकी होती. शेजारी उभं राहून कोणी काही विचारलं, तर मात्र "काय?" म्हणून मान पुढे करायचे.

घरातला सगळ्यात लाडका सूर फ्रिजचा. क्लासात पियानोवर जो सा देतात, तोच फ्रिजच्या मोटारीचा. शिकायला लागले तेव्हा मास्तरांचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की एकच पक्का सूर देणारा चिमटा, मागून आणून त्यांनी तशी खात्रीच करून घेतली होती. तेव्हापासून स्वयंपाकघरात स्टूल टाकायचं आणि तारा फ्रिजला लावायच्या, हा शिरस्ता पडला. मास्तर म्हणत, मोबाइलवर ॲप घ्या. उस्ताद हसून सोडून देत. हल्ली तर फारच सोय झाली होती. पूर्वी मोटार मध्येच थांबायची आणि ती परत सुरू होईपर्यंत ताटकळत बसावं लागे. आता कधीही स्टुलावर बसा, सूर हजर.

"रविवारी कार्यक्रम आहे," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. "शनिवारपर्यंत सुरात या. नाहीतर तुमचा तुकडा तुमच्या मागे बसलेल्या डॉक्टरीणबाई वाजवतील."

तो तुकडा जेमतेम चार ओळींचा होता. पण उस्ताद जन्मात पहिल्यांदा स्टेजवर एकटे वाजवणार होते. अख्ख्या छापखान्याला त्यांनी आमंत्रण दिलं होतं, लेक आणि जावई मुद्दाम गाडीचा प्रवास करून येणार होते. आता त्या सगळ्यांच्या शेजारी खुर्चीत बसून दुसऱ्याचं वाजवणं ऐकायची वेळ येणार होती.

घरी येताच ते स्टुलावर बसले. मास्तरांनी लावलेल्या तारा फ्रिजच्या मानाने चांगल्याच खाली होत्या. त्यांनी खुंट्या पिळल्या. सूर जवळ आला, अजून थोडा, आणि सगळ्यात बारीक तार तटकन तुटून गालावर बसली.

बायको ओला रुमाल घेऊन आली. गाल पुसता पुसता म्हणाली, की मास्तर एवढे शिकलेले, त्यांचं ऐकायला काय हरकत आहे.

"तुला सुरातलं काय कळतं?" उस्ताद म्हणाले.

तिने रुमालाची घडी उलटवून पुन्हा गालावर दाबली. जरा वेळाने तिने पुन्हा विषय काढला. "अहो, त्या फ्रिजचं एकदा काय ते बघायला हवं. मी मागेच..."

"आता फ्रिजवर घसरू नकोस. या घरात सुरात असलेला तो एकटाच आहे."

बायकोने रुमाल पिळून वाळत टाकला आणि त्यानंतर तोंडाला कुलूप घातलं. ती सकाळ-संध्याकाळ लागेल तेवढंच दूध आणत होती, उरलेली भाजी शेजारणीला देत होती. आपण बोललो ते उस्तादांना सलत होतं, पण माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात सारखं एकच येई: आपलाच कान गेला असेल तर? मग ते उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. सूर स्वच्छ ऐकू येई आणि जीव भांड्यात पडे.

शनिवारी त्यांनी मास्तरांना घरी बोलावलं. फ्रिजचा सूर बदललाय असं तुम्ही ऐकून सांगितलंत तर आपण आपणहून बाजूला होऊ, असं ते म्हणाले. पण फ्रिज पहिल्यासारखाच असेल तर तुमचा पियानो आणि फोर्क, दोन्ही तपासून घ्या. मास्तर भला माणूस, तो आला.

स्वयंपाकघरात जागा थोडी. बायको ओट्याशी चहा गाळत होती. मास्तरांनी फोर्क गुडघ्यावर आपटला, उस्तादांच्या कानाशी धरला, मग स्वतःच्या.

"ऐकलंत?" उस्ताद म्हणाले. "फ्रिज केवढा वर आहे बघा. आता खोटं कोण, तुम्हीच सांगा."

मास्तर घोटाळले. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आधी तो चालू तर करा," ते म्हणाले.

"चालूच आहे की."

बायकोच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "तो बंद पडून महिना होत आला. मी सांगितलं होतं तुम्हाला."

तिने फ्रिजचं दार उघडलं. आत अंधार होता आणि कप्प्यांत घासलेली पातेली पालथी घातलेली होती. गुंडाळलेली वायर फ्रिजच्या डोक्यावर पडली होती.

उस्ताद वाकले आणि त्यांनी फ्रिजच्या पत्र्याला कान लावला. मग दोन्ही कानांत घट्ट बोटं घातली. सूर तसाच चालू होता.