फुकटचा ड्रायव्हर

मुलांनो, जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर नकाशा पसरलाय आणि भोवती आठ वर्षांच्या भिंगरीच्या घरातली मोठी माणसं जमलीत. एका दिवसात चार वायनरी पाहायच्या, तेही स्वस्तात. “सगळेच वाइन चाखणार, मग गाडी चालवणार कोण? ड्रायव्हर परवडत नाही,” आत्या म्हणाली. “दादा आहे की! त्यानं पिणं सोडलंय, म्हणजे ड्रायव्हर फुकट!” काकानं किल्ली बाबांपुढे सरकवली. सगळे हसले, आई मात्र पांढरीफटक पडली. भिंगरीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बाबांना दारू सोडून एकशे बारा दिवस झाले होते. कॅलेंडरवर रोजची चांदणी तीच चिकटवायची. “तू नुसता वास घे रे!” आत्यानं कोपरखळी मारली. बाबांना नाही म्हणवेना. त्यांचा हात किल्लीकडे सरकला. तेवढ्यात भिंगरीनं झडप घालून किल्ली उचलली आणि सरळ माशांच्या टाकीत सोडून दिली.