बटण नसलेली पेशी

न्यूट्रोफिल. टक्.

लिम्फोसाइट. टक्.

सबाचे डोळे मायक्रोस्कोपला चिकटलेले, बोटं शेजारच्या मोजणीयंत्रावर. प्रत्येक जातीच्या पांढऱ्या पेशीला एक बटण. शंभर भरल्या की यंत्राची घंटी वाजते. बोटांकडे बघायची गरज तिला कधीच उरली नव्हती. तुकड्यातुकड्यांचं केंद्रक दिसलं, तर्जनी. गोल, गच्च भरलेलं दिसलं, मधलं बोट. विश्रामबागेतल्या या लॅबमध्ये तिने अशा किती काचा वाचल्या, देव जाणे.

फळकुटाच्या पलीकडे, बाकावर, या काचेवरच्या रक्ताचा धनी बसला होता. जयराज. हसत होता.

"आबा, उगं आणलंत मला. हिरड्यातनं रगात ब्रश लागला तरी येतं."

"आन मांडीवर काळंनिळं झालंय त्ये? त्ये बी ब्रशानंच व्हय रं?"

आबा म्हणजे लालासाहेब. त्याचे वडील. तासगावच्या तालमीतला जुना गडी.

सबाने काच सरकवली.

मोठी पेशी. फार मोठी. केंद्रक पातळ, वेडंवाकडं, आत दाणेच दाणे. बोट उठलं आणि हवेतच राहिलं. हिला बटण नव्हतं.

असेल एखादी. काच सरकवली.

आणखी एक. तिच्या मागे दोन. सरकवली. त्याच. न्यूट्रोफिल शोधूनही मिळेना. गुठळी धरणाऱ्या बारीक बारीक चकत्या, ज्या एरवी रांगोळी सांडल्यासारख्या दिसतात, त्याही जवळजवळ नाहीत.

आणि कितीतरी पेशींच्या आत काड्या. जांभळट, बारीक, एकीवर एक. उसाची मोळी बांधून ठेवावी तशा.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मोळी दिसली की हातातलं सोडायचं आणि मला फोन करायचा.

तिने फोन केला. सर मिरजेत होते.

"खात्री आहे?"

"मोळ्याच आहेत सर. भरपूर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "मी निघालो. इथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही कळवतो. त्याला घरी जाऊ देऊ नकोस. पळणं नाही, पडणं नाही, कुठे मार नाही. सुई टोचलेली जागा बघ. आणि मी काच बघेपर्यंत त्यांना नाव सांगू नकोस."

नाव तिला माहीत होतं. रक्ताचा कर्करोग, पण त्यातला असा, की औषध वेळेत गेलं तर माणूस उठून घरी जातो. आणि त्याआधी डोक्यात रक्त फुटलं, तर काचेवर काय दिसलं होतं याला अर्थ उरत नाही.

यंत्राची घंटी वाजलीच नव्हती. ती तशीच उठली.

"झालं का मॅडम?" लालासाहेब उभे राहिले. "रगात कमी हाय, एवढंच ना? खारीक-बीट चालू करतो."

"सर येतायत, काका. ते सांगतील. तोवर बसा."

"बसा कसं? परवा पोलीस भरतीचं मैदान हाय. आमची तासगावची एश्टी चुकंल."

"परवा पळायचं नाही."

जयराज मोठ्यानं हसला. "मॅडम, मग सोळाशे मीटर कोण पळणार, तुमी?"

सबालाही हसू आलं असतं. तिने त्याच्या कोपराकडे पाहिलं. सकाळी रक्त काढल्यावर लावलेला कापूस लालभडक झाला होता आणि खाली मनगटाकडे एक ओघळ निघाला होता. आधीचा त्याने मघाशी पँटला पुसला होता.

"न्हाई, पळंल की त्यो," लालासाहेब तिला समजावू लागले. "मांड्या भरून आल्यात, दुसरं काय न्हाई. म्या रोज रातच्याला तिळाच्या तेलानं रगडतोय. आमच्या तालमीत असंच मोकळं करत्यात. काळं पडलं की आनखी जोर लावायचा. काल तर असा रगडलाय, पोरगं वरडलं."

बोलता बोलता त्यांचे हात मुलाच्या मांडीवर गेले. रुंद, जाड हात. अंगठे आपसूक आत रुतायला निघाले.

"काका, नको!"

ती ओरडली होती. लॅबमधली बाकीची माणसं वळून बघायला लागली.

लालासाहेबांचे हात मांडीच्या वर तसेच थांबले. त्यांनी पोराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग हळूच, तिला एकटीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "मॅडम. म्या रगडलं, त्यानं काय बिघडलं का?"

तिला बरंच माहीत होतं. तिला एवढंच बोलता आलं, "आता रगडू नका."

जयराजचं हसणं चेहऱ्यावरच राहिलं होतं; पुसायचं राहून गेल्यासारखं.

"मग म्या काय करू?" लालासाहेब म्हणाले. "कायतरी सांगा की करायला."

सबाने ओला कापूस काढला, नवा ठेवला. त्यांचा उजवा अंगठा धरला आणि कापसावर टेकवला.

"हे धरा. रगडायचं नाही. नुसतं दाबून धरायचं."

ते पोरासमोर उकिडवे बसले. ज्या हातांनी भलेभले चीतपट केले होते, त्यातला एक अंगठा कापसावर टेकून ते श्वासही जपून घ्यायला लागले. जयराज वर पंख्याकडे बघत होता.

बाहेर एश्टी गेली. कुणी उठलं नाही.

"कवर धरायचं, मॅडम?"

सबा दाराकडे बघत होती. अंगठ्याच्या कडेने पांढरा कापूस पुन्हा गुलाबी व्हायला लागला होता. लालासाहेबांनी दुसरा अंगठा पहिल्यावर ठेवला.