तळ्याकाठची तपासणी

साडेसोळा हजार फुटांवरच्या तळ्याशी शालनताई पोचल्या, तेव्हा डॉक्टर येळवे नाकाला ऑक्सिजनची नळी लावून अजून बरंच खालून चढत येत होते.

वीस वर्षं खडी फोडताना उडालेल्या धुळीनं शालनताईंची फुप्फुसं निकामी झाली होती. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना नवी फुप्फुसं बसवली. हिमालय ओलांडणाऱ्या हंसांची जनुकं घालून ती वाढवली होती. आज त्या फुप्फुसांची परीक्षा होती.

धापा टाकत आलेल्या डॉक्टरांनी शालनताईंच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि आकडा दोनदा पाहिला.

"दम लागला?"

"नाही." त्यांनी तळ्याचं गार पाणी तोंडावर मारलं. "खाणीवरच्या माझ्या सात मैत्रिणी अजून खोकतायत. त्यांना कधी बसवता?"

"परतलो की सुरुवात करू."

"मग उतरू या," म्हणत शालनताईंनी डॉक्टरांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.