चारही पाय जमिनीवर

"पाठ फिरवा मावशी, एकदम पाठ! हात छातीशी. आणि एक अक्षर बोलायचं नाही."

मावशींनी काठी सावरली आणि भिंतीकडे तोंड केलं. कुत्र्याने हवेतच दोन उड्या मारल्या. आपल्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही म्हटल्यावर गोंधळला आणि खाली बसला. मास्तरीणबाईंनी लगेच त्याच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा दिला.

कुत्र्यांना शिस्त लावायचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. नावं ठेवणारेही होते म्हणा, पण कुत्रं डोक्यावर बसलं की तेच आधी दार ठोठावत.

इथे मामला गंभीर होता. मागच्या महिन्यात कुत्र्याने दारातच झेप घेतली आणि मावशी आडव्या झाल्या. मनगट मोडलं. पुन्हा पडल्या तर अंथरुणच धरतील, असं डॉक्टर म्हणाले. मावशींच्या धाकट्या मुलाने मास्तरीणबाईंना सरळ सांगितलं, "एकवीस तारखेपर्यंत सुधारला तर ठीक. नाहीतर मी ह्याला ठेवणार नाही."

अशी नकोशी झालेली कुत्री पुढे कुठे जातात, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ह्याला तिथे जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मावशींनाच मात्र ही शिकवणी पटत नव्हती. त्यांना आता उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळे. "राहू द्या हो बाई. हा उडी मारतो म्हणून तर मला कळतं, आपलं माणूस आलंय. मागच्या वर्षी एक गोडबोल्या आला होता. 'मी तुमचाच मुलगा, मी तुमचाच' करत होता. मी खुळी, विरघळले! पण हा पठ्ठ्या कोपऱ्यातून हलला नाही. तेव्हा कळलं, भामटा आहे."

"अहो, उडी मारतो ती मायेनेच," बाई म्हणाल्या. "पिल्लू आईच्या तोंडाशी तोंड न्यायला धडपडतं ना, तसंच. आपलं तोंड पडलं उंचावर, म्हणून हा झेपावतो. आपण ओरडलो, ढकललं, तरी त्याला वाटतं खेळच चाललाय. म्हणून काहीच करायचं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले, की मग हवे तेवढे लाड."

"म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त आठवण आली, त्यानेच मुकाट बसायचं. धन्य तुमची शाळा!" मावशी हसल्या. मग कुत्र्याचा कान चोळत म्हणाल्या, "थोरल्याने आणला होता ह्याला. कोटाच्या खिशात मावला होता. तो आला ना, तर हा तुमची सगळी शाळा विसरून झेपावेल बघा."

"थोरले कुठे असतात?"

"सात वर्षं पत्ता नाही," धाकटा मध्येच म्हणाला. "बाई, तुमचं चालू द्या."

दहाव्या दिवशी कुत्रं मावशींना पाहून बसलं, धाकट्याला पाहून बसलं, शेजारणीला पाहूनही बसलं. बाई खूश झाल्या. धाकटा नाही झाला.

"ही रोजची माणसं झाली. कोणी फार दिवसांनी आलं तर?"

"ते कठीण. जितकी मोठी ताटातूट, तितकी उंच उडी."

"तेच शिकवा. मी कामासाठी सहा महिने बाहेर जाणार आहे. परत आलो आणि ह्याने आनंदाच्या भरात आईला पाडलं, तर?"

आईची एवढी काळजी करणारा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेच्या तळातून एक शर्ट काढला. "हा घालून दारातून या."

"तुमचा?"

"घरातलाच."

शर्ट बाईंच्या गुडघ्यापर्यंत आला. धाकटा त्यांच्या कानाइतका उंच. "तुम्ही आटलात की काय हो?" त्यांनी चेष्टा केली. तो हसला नाही.

कुत्र्याने वास घेतला मात्र, आणि ते कळवळून ओरडलं. ते शर्टाला झोंबलं, बाह्या चाटू लागलं. बाईंनी काळजावर दगड ठेवून पाठ फिरवली.

"का रडतोय तो?" मावशींनी आतून विचारलं.

"शिकतोय," धाकटा म्हणाला.

आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी कुत्रं शर्टासमोर बसलं, अंग चोरून.

"उद्या परीक्षा," बाई म्हणाल्या. "एखादा माणूस दारातून आत येऊ दे. ओळखीचा नको."

"अकराला येईल," धाकटा म्हणाला.

एकवीस तारखेला अकरा वाजता मावशी दारासमोर खुर्चीत बसल्या होत्या. कुत्रं पायाशी, बाई बाजूला. धाकट्याने दार उघडलं.

माणूस उंच होता. दाढी वाढलेली, अंगात हाडं तेवढी उरलेली. कुत्र्याला पाहताच त्याचा चेहरा उजळला आणि तो दोन्ही हात पसरून गुडघ्यांवर बसू लागला.

"अहो, असं नाही!" बाई कुजबुजल्या. "उभे राहा. त्याच्याकडे बघू नका. पाठ फिरवा!"

माणूस भांबावला, पण त्याने ऐकलं. कुत्र्याचं सगळं अंग थरथरत होतं. पुढचे पाय उचलायचं, टेकवायचं, घशातल्या घशात कण्हायचं. असं कण्हणं बाईंनी फक्त शर्टाच्या वेळी ऐकलं होतं. शेवटी ते बसलं. चारही पाय जमिनीवर.

"शाब्बास!" बाईंचे डोळे भरून आले. वाचलं बिचारं. त्यांनी बिस्कीट काढलं.

"आई," तो माणूस म्हणाला. बसलेल्या घशातून शब्द जेमतेम फुटला.

मावशी ताठ झाल्या. "कोण आहे रे?"

"थोरला आहे म्हणतोय," धाकटा शांतपणे म्हणाला. "मागच्या वर्षीच्यासारखाच."

मावशींचा हात चाचपडत खाली आला आणि पायाशी बसलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर टेकला. बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"दार लाव," त्या म्हणाल्या.